उसना आवाज, स्वतःची चाल

व्यापारी घराण्यांत पारख या गुणाला मोठा मान असतो. कापसाचे बोंड बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगणारा, ज्वारीचा दाणा दाताखाली धरून त्यातील ओलावा ओळखणारा माणूस पेढीवर असला की ती पेढी निर्धास्त असते. ही पारख डोळ्यांची, बोटांची आणि अनुभवाची. तशीच एक पारख कानाचीही असते. त्या पारखीच्या जोरावर आज घरातल्या घरात एक नवे संगीत आणि त्यासोबत एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. त्याचे एक ठळक उदाहरण बीड जिल्ह्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे आहे.

ऑगस्ट २०२० चा काळ आठवावा. साथीच्या भीतीने माणसे घरात अडकलेली, बाजार अर्धवट उघडलेले, रंगमंच आणि चित्रपटगृहे बंद. अशा वेळी यशराज मुखाटे या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या तरुण संगीतकाराने घरी तयार केलेली एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवर ठेवली. तिच्यासाठी त्यांनी नवे गीत लिहून घेतले नव्हते की गायक बोलावला नव्हता. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेतील एका प्रसंगाचे संवाद त्यांनी उचलले होते. एका गुजराती एकत्र कुटुंबातील करारी सासू कोकिलाबेन स्वयंपाकघरात त्या वेळी कोण होते याची उलटतपासणी घेते, आणि कुकरमधील हरभरे काढून रिकामा कुकर शेगडीवर चढवल्याचा गुन्हा उघडकीस येतो, एवढाच तो प्रसंग. रूपल पटेल यांनी तो आवेशाने उभा केला होता. मुखाटे यांनी त्या आवेशातील सूर ओळखले, संवादाला ताल दिला, खाली वाद्यांची साथ भरली आणि ‘रसोडे में कौन था’ या नावाने ती रचना लोकांपुढे आली. काही दिवसांतच ती घराघरात पोहोचली. मालिका कधीही न पाहिलेली माणसेसुद्धा तो प्रश्न गुणगुणू लागली.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात शहनाज गिल यांच्या दूरचित्रवाणीवरील एका त्राग्यातून ‘त्वाडा कुत्ता टॉमी’ ही रचना झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दनानीर मुबीन या पाकिस्तानी तरुणीच्या काही सेकंदांच्या हसऱ्या चित्रफितीतून ‘पावरी हो रही है’ हे गाणे झाले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ते सारख्याच कौतुकाने ऐकले गेले. पोलिस खात्यांनी आणि नामांकित उत्पादकांनीही त्या वाक्याच्या धर्तीवर आपापल्या सूचना आणि जाहिराती बेतल्या. मराठवाड्यातील एका घरातून निघालेली चाल इतक्या दूर जाण्यासाठी ना ध्वनिमुद्रण कंपनी लागली, ना वितरक.

या पद्धतीच्या संगीताला इंग्रजीत सॅम्पलचे संगीत म्हणतात. सॅम्पल म्हणजे मोंढ्याच्या भाषेत वानगी. पोत्यात परखी खुपसून मूठभर धान्य बाहेर काढावे आणि त्यावरून साऱ्या मालाचा अंदाज घ्यावा, ही वानगी व्यापाऱ्याला नवी नाही. संगीतकारही आवाजाच्या ढिगाऱ्यातून अशीच मूठभर वानगी काढतो. फरक एवढाच की, व्यापारी वानगी पाहून माल पारखतो आणि संगीतकार त्या वानगीचीच पेरणी करतो. एखाद्या वाक्याचा तुकडा, भांड्याचा नाद, दाराची करकर किंवा जुन्या तबकडीवरील चार मात्रांचा ठेका तो संगणकात घेतो. मग त्याचे तुकडे पाडणे, लांबी कमीजास्त करणे, सूर वर-खाली सरकवणे, उलटा वाजवणे आणि त्याची आवर्तने रचणे, असे पुढील संस्कार होतात.

हे काम वरवर खेळ वाटते. त्यामागे मात्र बरेच शास्त्र आहे. संगणक आवाज साठवतो तो आकड्यांच्या रूपात. सीडीच्या प्रमाणानुसार एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० मोजमाप घेतले जातात. आवाज असा आकड्यांत आला की, त्यावर हिशेब करता येतो, आणि सूर दुरुस्त करणारी आज्ञावली हा त्याच हिशेबाचा प्रकार होय. १९९७ मध्ये बाजारात आलेले ‘ऑटो-ट्यून’ तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड हे त्यापूर्वी भूगर्भातील तेलाचे साठे शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे विश्लेषण करत असत. जमिनीच्या पोटातून परतणाऱ्या लहरी वाचण्याचे गणित त्यांनी गळ्यातून निघणाऱ्या लहरींना लावले.

दुसरे शास्त्र कानाचे आहे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९९५ मध्ये आपल्याच व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावर काम करताना एक विलक्षण गोष्ट आढळली. बोललेल्या वाक्याचा एक तुकडा तसाच्या तसा, कोणताही बदल न करता, पुन्हा पुन्हा ऐकला की काही आवर्तनांनंतर तो बोललेला न वाटता गायलेला वाटू लागतो. आवाज तोच राहतो, ऐकणाऱ्याचे मन बदलते. पहिल्यांदा ऐकताना मन अर्थाच्या मागे धावते. अर्थ हाती लागला की, ते वाक्यातील चढउतारांकडे वळते. कोकिलाबेनच्या प्रश्नाचे गाणे झाले त्याचे अर्धे रहस्य या पुनरावृत्तीत आहे. उरलेले अर्धे, कोणत्या वाक्याची पुनरावृत्ती करावी हे ओळखणाऱ्या कानात आहे. मालिकेचे शेकडो भाग लाखो लोकांनी पाहिले होते. त्या प्रसंगातील चाल ऐकू आली ती एकाला.

बोलण्यातील लय ओळखून तिचे गाणे करण्याची विद्या मराठवाड्याला अपरिचित नाही. याच परिसरातील पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी अशा रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांच्या तोंडची भाषा, त्यांच्या हाका, त्यांची ठेवण त्यांनी जशीच्या तशी पकडली आणि तिच्यातून मोठा आशय सांगितला. एकनाथांपाशी यंत्र नव्हते आणि आजच्या संगीतकाराचा हेतूही त्यांच्यासारखा नाही. तरी लोकांच्या बोलीत गाणे आधीपासून दडलेले असते, हा विश्वास दोन्हीकडे दिसतो.

बीड जिल्ह्यातील मोंढ्यांतही असे गाणे रोज होत आले आहे. धान्य मोजणारा मापाडी मोजणीचा आरंभ ‘एक’ म्हणून करत नाही. तो ‘लाभ’ म्हणतो. मग प्रत्येक मापाबरोबर पुढचा आकडा ठराविक हेलाने लांबवत जातो, म्हणजे मोजणी चुकत नाही आणि हाताला दमही मिळतो. सौद्याच्या वेळी चढत जाणारी बोली, हमालांची परस्परांना दिलेली हाक, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा नाद, हे सगळे आवाज पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आले, म्हणूनच कोणी ते मुद्दाम ऐकले नाहीत. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर मापाची मोजणी कमी होत गेली. जी गोष्ट खतावणीत नोंदली जात नाही, ती गेल्याचेही कळत नाही. आवाजांचे असेच होते.

जगात या प्रकाराचा आरंभ झाला तोही रोजच्या आवाजातूनच, आणि तो आवाज आगगाडीचा होता. फ्रान्सच्या नभोवाणीत काम करणारे अभियंते पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या रेल्वेस्थानकात जाऊन इंजिनाचे फुत्कार, शिट्ट्या आणि रुळांवरचा खडखडाट तबकड्यांवर मुद्रित केला. ते तुकडे पुढेमागे जोडून त्यांनी काही मिनिटांची रचना बांधली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ती नभोवाणीवरून ऐकवली. ऐकणाऱ्यांत आश्चर्य होते, तशी नाराजीही होती. हे संगीत आहे की गोंगाट, हा प्रश्न त्या दिवसापासून आजतागायत विचारला जात आहे. बीड शहराला प्रवासी गाडीची पहिली शिट्टी ऐकण्यासाठी सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी ती शिट्टी ऐकायला माणसे मुद्दाम गोळा झाली. वर्षभर रोज ऐकल्यावर तिच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. शेफर यांनी एवढेच केले की, लक्ष निघून गेलेल्या आवाजाकडे लोकांना पुन्हा वळवले.

भारतात या प्रयोगांचा पहिला आश्रय अहमदाबादला मिळाला, आणि त्यामागे एका जैन उद्योगपती घराण्याची कन्या होती, हे या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटावे. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या कन्या आणि शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्या भगिनी गीता साराभाई या पखवाज शिकलेल्या. पखवाज वाजवणाऱ्या स्त्रिया त्या काळी जवळजवळ नव्हत्याच. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या असता अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीताचा विचार समजावून दिला आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे पाठ घेतले. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर आणि ध्वनिफितींची यंत्रे असलेला स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय संगीतकारांनी तेथे फितीवर प्रयोग केले. हे काम १९७२ च्या सुमारास थांबले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि अनेक दशकांनी ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांच्या प्रयत्नांतून त्या पुन्हा ऐकल्या गेल्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशितही झाल्या. पन्नास वर्षे कपाटात राहिलेल्या मालाला शेवटी गिऱ्हाईक मिळाले. पण त्यासाठी कोणीतरी फितींवर तारीख आणि नाव लिहून ठेवले होते, याची नोंद घ्यावी.

तेव्हा असे संगीत करायचे तर मोठी संस्था किंवा मोठे भांडवल पाठीशी लागत असे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेले ‘फेअरलाइट’ हे बाहेरचा आवाज आत घेऊन कळफलकावर वाजवून देणारे पहिल्या व्यापारी यंत्रांपैकी एक. त्याची किंमत वीस हजार अमेरिकन डॉलरच्या वर होती आणि त्यात एका वेळी साधारण सेकंदभराचाच तुकडा मावत असे. १९८८ मध्ये जपानच्या अकाई कंपनीने रॉजर लिन यांच्या रचनेवर आधारित ‘एमपीसी’ हे यंत्र आणले. बोटांनी ठोकायच्या चौकोनी गाद्या असलेल्या त्या यंत्राने हे काम स्टुडिओतून खोलीत आणले. आज घरातील साधा लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि बरे हेडफोन एवढ्यावर आरंभ करता येतो. ‘ऑडॅसिटी’सारखी ध्वनिसंपादनाची आज्ञावली तर विनामूल्य मिळते.

यंत्र स्वस्त झाले याचा एक परिणाम व्यापाऱ्याला सहज समजेल. एखाद्या धंद्यात शिरायला भांडवल लागत नसेल, तर तेथे गर्दी होते आणि गर्दीत टिकण्यासाठी वेगळे काही लागते. येथे ते वेगळे म्हणजे कान, सराव आणि चिकाटी. मुखाटे यांची चित्रफीत एका रात्रीत गाजली असे म्हटले जाते. पण सुरावटीचे ज्ञान, कळफलकावरील हात आणि ध्वनिमिश्रणाची समज एका रात्रीत येत नाही. गाजणे हा भाग्याचा भाग असू शकतो. गाजल्यानंतर दुसरी, तिसरी, दहावी रचना तशीच उतरणे हा केवळ तयारीचा भाग असतो.

आता मुख्य प्रश्न. आवाज दुसऱ्याचा, चाल आपली. मग गाणे कोणाचे? व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर हा उसनवारीचा माल आहे. उसने घेणे हा दोष मानला जात नाही. सारा व्यापारच एकमेकांच्या उसन्या भांडवलावर चालतो. दोष घडतो तो उसने घेतलेले स्वतःच्या खात्यावर जमा दाखवण्यात. न दिलेली वस्तू घेणे याला जैन परंपरेने ‘अदत्तादान’ असा नेमका शब्द दिलेला आहे, आणि आवाज ही हाताने धरता न येणारी वस्तू असली तरी ती कोणाची तरी असतेच.

या बाबतीत दोन प्रसंग बोलके आहेत. १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या वादकसंचाने एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूवरील ‘आमेन ब्रदर’ या गाण्यात ढोलवादक ग्रेगरी कोलमन यांचा चार आवर्तनांचा एक तुकडा होता. त्याची लांबी सहा-सात सेकंदांची. पुढे यंत्रे आल्यावर जगभरच्या संगीतकारांनी तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला. त्या ठेक्यावर नृत्यसंगीताचे संपूर्ण प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्यातून काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये ते मरण पावले तेव्हा ते बेघर आणि निष्कांचन होते, असे त्यांच्या संचाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर सांगत. स्वतः स्पेन्सर यांनाही कित्येक वर्षे छदाम मिळाला नाही. अखेर २०१५ मध्ये ब्रिटनमधील काही संगीतकारांनी लोकवर्गणी काढली आणि २४,००० पौंड त्यांना दिले. ती रक्कम कायद्याने द्यावी लागली नव्हती. ज्यांनी तो ठेका वापरला आणि ऐकला, त्यांच्या मनाला ते देणे जाणवले म्हणून ती जमा झाली.

दुसरा प्रसंग मराठी माणसाला अधिक जवळचा. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे गाजले. त्यात लता मंगेशकर यांचा स्वर होता. तो ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी संगीतबद्ध केलेल्या गाण्यातून परवानगीवाचून घेतलेला होता. प्रकरण न्यायालयात गेले. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये, बप्पी लाहिरी यांचे नाव श्रेयात दिल्याखेरीज त्या तबकडीची विक्री करू नये, असा आदेश दिला. पैशाच्या मागण्या मोठ्या होत्या; तरी न्यायालयाने आधी विचार केला तो नावाचा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतातील कायदाही याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे राहतो. गीतकार आणि संगीतकार यांचा आपापल्या कृतीवरील हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांचा मानधनावरील हक्क अधिक पक्का केला आणि गायक, वादक, नट अशा कलावंतांच्या नैतिक हक्कांनाही मान्यता दिली. काही सेकंदांपर्यंतचा तुकडा परवानगीशिवाय चालतो, अशी एक समजूत तरुणांत प्रचलित आहे. अशी सेकंदांची मोजपट्टी कायद्यात कोठेही नाही. तुकडा लहान असला तरी तो मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग असेल, तर प्रश्न उभा राहतोच. यूट्यूबवर तर २००७ पासून अशी यंत्रणा आहे की, ती उचललेला आवाज आपोआप ओळखते. मग मूळ मालक ती चित्रफीत रोखू शकतो किंवा तिच्या जाहिरातींचे उत्पन्न आपल्याकडे वळवू शकतो. म्हणजे रात्रंदिवस राबून केलेल्या गाण्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हावे, असे सहज घडते.

कायद्याच्या पलीकडे आणखी एक सीमारेषा आहे. नटाने कॅमेऱ्यापुढे म्हटलेले वाक्य आणि एखाद्या सामान्य माणसाच्या तोंडून रागात, दुःखात किंवा अज्ञानात निघालेले वाक्य, यांत फरक आहे. पहिल्याची गंमत करता येते, कारण ते मुळातच लोकांपुढे ठेवलेले असते. दुसऱ्याची गंमत केली तर त्या माणसाला उद्या बाजारात तोंड दाखवावे लागते. लहान गावात तर अशी थट्टा वर्षानुवर्षे पुसली जात नाही. विनोदी रचना चांगली की वाईट, याची एक साधी कसोटी ठेवता येईल. ज्याचा आवाज घेतला, त्याच्या शेजारी बसून ती ऐकता आली पाहिजे. ‘पावरी’च्या गाण्यात ती तरुणी स्वतः आनंदाने सहभागी झाली, म्हणूनच ते गाणे ऐकताना कोणाला अवघडल्यासारखे वाटत नाही.

हे सारे व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्याचे कारण असे की, अशी मुले आता बहुतेक घरांत आहेत. दुकान वाढवून घरी आलेल्या वडिलांना मुलगा किंवा मुलगी कानाला हेडफोन लावून, पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या सरकवताना दिसते. एकच वाक्य पन्नास वेळा वाजते. घरातील वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पेढीवर पुढे कोण बसणार ही चिंता त्यामागे असते. ती चिंता खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत, ठरलेली गिऱ्हाइके आणि गावातील नाव हे सहज मिळणारे धन नव्हे. पण मुलाच्या हातातील काम काय आहे, हे न समजता त्याला नाव ठेवणे म्हणजे माल न पाहता भाव पाडण्यासारखे आहे.

यातून मिळकत होते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तो घराच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. मिळकतीचे मार्ग आहेत. जाहिरातींसाठी चाली बांधून देणे, मालिका आणि चित्रपटांना पार्श्वसंगीत पुरवणे, चित्रफितींवरील जाहिरातींचा हिस्सा, रचनांचे मानधन, कार्यक्रम. परंतु ही मिळकत हंगामी पिकासारखी असते. एक महिना भरभरून आणि पुढचे सहा महिने कोरडे. म्हणून आरंभीची तीन-चार वर्षे शिक्षण किंवा दुकान न सोडता हे काम करणे सुज्ञपणाचे. उत्पन्नाची वेगळी वही आणि वेगळे बँक खाते पहिल्या रुपयापासून असावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की, वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. ते त्या वेळी धावपळ करून शिकण्यापेक्षा आधी समजून घ्यावे. पेढीवर वाढलेल्या मुलाला हिशेबाचे वळण घरातच मिळते, आणि अनेक गुणी कलावंतांची हीच बाजू लंगडी असते. या धंद्यात उतरणाऱ्या व्यापारी घरातील मुलाचे हे मोठे बळ आहे.

त्या वहीत आणखी एक रकाना असावा. रचनेत वापरलेला प्रत्येक आवाज कोठून घेतला, कोणाचा, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने, हे त्यात लिहावे. गाणे प्रसिद्ध करताना ती नावे खाली द्यावीत. परवानगी मिळण्यासारखी नसेल, तर तो तुकडा सोडून द्यावा आणि स्वतःच्या परिसरातील आवाज शोधावेत. जात्याची घरघर, अडकित्त्याचा कट् असा आवाज, कापड दुकानात थान उलगडताना होणारी फडफड, आजीच्या बोलण्यातील हेल, हे आवाज कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. आजीला विचारून तिचा आवाज घेतला तर तिलाही आनंद होईल, आणि तिच्या पश्चात तो आवाज घराची ठेव म्हणून राहील. मोंढ्यातील एखाद्या वृद्ध मापाड्याची मोजणी त्याच्या संमतीने मुद्रित करून त्यावर चाल बांधली, तर ती बीडची चाल होईल. ती दुसरीकडे कोठे तयार होणारच नाही. मानधनाचे चार पैसे त्याच्या हातावर ठेवणे मात्र विसरू नये.

प्रकृतीची एक सूचनाही येथे आवश्यक आहे. या व्यवसायाचे एकमेव भांडवल कान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये. आवाज जितका मोठा, तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो. रात्ररात्र हेडफोन चढवून बसणाऱ्या मुलाला ही मर्यादा घरच्यांनीच घालून दिली पाहिजे. मुद्दल जपल्यावाचून व्याज येत नाही.

घरातील मुलाने आपली रचना ऐकवण्यासाठी हेडफोन पुढे केला, तर वडिलांनी तो हातातील काम बाजूला ठेवून कानाला लावावा. सगळे समजले नाही, विचित्र वाटले, तरी शेवटपर्यंत ऐकावे. मग दोन प्रश्न विचारावेत. यातला आवाज कोणाचा? आणि यात तुझे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी आले आणि दुसऱ्याचे उत्तर देताना मुलाचा चेहरा उजळला, तर समजावे की मुलगा वेळ दवडत नाही. तो एक कसब शिकत आहे, आणि ते प्रामाणिकपणे शिकत आहे. त्याला आणखी काही काळ द्यावा. कोणत्याही नव्या दुकानाला जम बसेपर्यंत जितका काळ देतात, तितका तरी द्यावाच.